अँटी-जीबीएम आजार: भावाच्या किडन्या परत चालू होतील का?

सायली_कऱ्हाड

नमस्कार. इथे पाच-सहा वर्षं नुसतीच वाचते, धागा पहिल्यांदा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २९. गाड्यांना रंग मारण्याचं त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. दिवाळीनंतर कोरडा खोकला आणि अंगात कणकण सुरू झाली. दहा दिवसांनी थुंकीतून रक्त आलं. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर डाग दिसले. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच धरून गोळ्या चालू केल्या. या गोळ्यांनी लघवी लालसर होते, घाबरू नका, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली तरी आम्ही कुणी घाबरलो नाही. यात अठरा दिवस गेले.

मग पाय सुजले, उलट्या सुरू झाल्या, लघवी जवळजवळ थांबली. पुण्याला आणलं तेव्हा क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) ११.२ आणि हिमोग्लोबिन ६.८ होतं. त्याच रात्री गळ्यात नळी घालून डायलिसिस झालं. चौथ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला: अँटी-जीबीएम अँटीबॉडी पॉझिटिव्ह. बायोप्सीत किडनीच्या २२ गाळण्या मिळाल्या, त्यातल्या २० मध्ये 'क्रेसेंट'. आतापर्यंत नऊ प्लाझ्मा एक्सचेंज झालेत, म्हणजे रक्तातला अँटीबॉडी असलेला द्रव मशीनने काढून बदलतात. स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत. खोकल्यातलं रक्त थांबलंय, ऑक्सिजन काढलाय. लघवी मात्र दिवसाला कपभर.

डॉक्टर म्हणतात 'वाट बघू'. कशाची आणि किती, ते विचारायचा धीर होत नाही. हा आजार झालेलं कुणी आहे का इथे? किडन्या परत चालू होतात का? आणि आई रोज विचारते, घरात आणखी कुणाला होईल का?

निशिगंध

सायली, वाचून पोटात कालवलं. मला यातलं काही कळत नाही, पण पुण्यात रात्री थांबायला जागा, डबा, रक्तदाते, काहीही लागलं तर व्यनि कर. आम्ही सिंहगड रोडला राहतो.

कोकणकडा

आजाराचं नावही पहिल्यांदा ऐकलं. रक्त बी पॉझिटिव्ह आहे आणि ऑफिस डेक्कनला, एवढं लक्षात ठेवा.

पारिजात५८

सायलीताई, मी निवृत्त फिजिशियन. चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हा आजार मोजून तीनदा पाहिला. दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक, इतका तो दुर्मिळ आहे. तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट तुमच्या भावाला पाहताहेत, मी पाहिलेलं नाही. त्यामुळे निर्णय त्यांचाच. मी फक्त आजार समजावून देतो.

किडनीतल्या प्रत्येक गाळणीला एक बारीक पडदा असतो, जीबीएम म्हणतात तो हाच. चक्का टांगायचं मलमलचं फडकं डोळ्यासमोर आणा. त्याचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजन-४ नावाचं प्रथिन. त्याची एक विशिष्ट साखळी, अल्फा-३, शरीरात थोड्याच ठिकाणी असते, त्यात किडनीची गाळणी आणि फुप्फुसातले हवेचे फुगे ही दोन महत्त्वाची. या आजारात शरीर त्याच साखळीविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. म्हणून एकाच वेळी थुंकीत रक्त आणि लघवीत रक्त. बायोप्सीवर चमकणारा रंग टाकून पाहिलं की अँटीबॉडी पडद्याला लागून सलग ओढलेल्या रेघेसारखी दिसते. ती रेघ या आजाराची खूण.

फडकं फाटलं की रक्तातले घटक गाळणीच्या बाहेरच्या कप्प्यात सांडतात. तिथे पेशींची गर्दी होते आणि ती गाळणीला एका बाजूने दाबते. त्या आकाराला चंद्रकोर म्हणतात, रिपोर्टमधला क्रेसेंट तो हाच. इतर बरेच किडनीचे आजार वर्षानुवर्षं रेंगाळतात. हा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत गाळण्या बंद पाडतो.

आईंना सांगा, हा घरात पसरणारा आजार नाही. एचएलए डीआर-१५ नावाची जनुकीय ठेवण असलेल्यांत तो जास्त आढळतो, पण ती ठेवण कितीतरी लोकांत असते आणि त्यातल्या जवळपास कुणालाच हा आजार होत नाही. भावंडांच्या तपासण्या करत सुटण्याची गरज नाही.

दोन प्रश्न: एएनसीए (रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारांत सापडणारी दुसरी अँटीबॉडी) तपासलंय का? आणि तो सिगरेट ओढतो का?

सायली_कऱ्हाड

डॉक्टर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी पूर्ण वाक्यात समजावलं. एएनसीए निगेटिव्ह. सिगरेट हो, दिवसाला आठ-दहा. आईला माहीत नव्हतं, हॉस्पिटलात कळलं.

चंद्रकोर म्हणजे आजवर माझ्या कपाळावरची टिकली. आता तो शब्द त्याच्या फाइलमध्ये लिहिलाय.

पारिजात५८

एएनसीए निगेटिव्ह आहे ते बरं. अँटी-जीबीएमच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत तेही पॉझिटिव्ह येतं. अशांमध्ये आजार पुन्हा उलटण्याची भीती राहते आणि औषधं लांबतात. निव्वळ अँटी-जीबीएम सहसा एकदाच येतो.

सिगरेटबद्दल विचारलं त्याला कारण आहे. १९८३ साली ब्रिटनमध्ये ४७ रुग्णांचा हिशेब छापून आला. सिगरेट ओढणाऱ्या ३७ पैकी ३७ जणांच्या फुप्फुसातून रक्त गेलं होतं. न ओढणाऱ्या १० पैकी फक्त दोघांच्या. ज्या पत्रकाराला, पुढाऱ्याला, मेहुण्याला सिगरेट सोडवायची असेल त्याला हा आकडा सांगा. रंगकामातल्या थिनरच्या वाफेशीही या आजाराचं नातं सांगितलं गेलंय. ते सिगरेटइतकं पक्कं नाही, पण बरा झाल्यावर त्याने स्प्रे गन हातात घेऊ नये असंच मी म्हणेन.

दुसरा_डाव

सायली, मला झालाय हा आजार. २०१६ साली, वय तेव्हा ६२. नाशिकला असते.

हा आजार एकतर विशी-तिशीत गाठतो नाहीतर साठीनंतर, असं मला सांगितलं होतं. आमच्या वयात बऱ्याचदा फुप्फुसं वाचतात आणि सगळा मार किडनीवर पडतो. मला खोकलाबिकला काही नव्हता. नुसता थकवा, अन्नावर वासना नाही आणि एक दिवस संडासात लघवीचा रंग पाहून दचकले. कोरा चहा, अगदी तुझाच शब्द. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी त्याच दुपारी साधी लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन करायला लावलं. लघवीत प्रथिन तीन प्लस, लाल पेशी मोजता येईनात, क्रिएटिनिन ३.४. दोन दिवसांनी पुन्हा केलं तर ४.६. या दोन आकड्यांमधला फरक बघून त्यांनी स्वतः नेफ्रॉलॉजिस्टना फोन लावला आणि मला रिक्षात बसवलं.

बारा प्लाझ्मा एक्सचेंज झाली. मानेतली नळी, हातापायांना मुंग्या, कॅल्शियमचं इंजेक्शन, थंडी वाजून येणं. तुझा भाऊ सगळं ओळखेल. डायलिसिस लागलं नाही. आज क्रिएटिनिन १.६ आहे. नऊ महिन्यांत सगळ्या मोठ्या गोळ्या बंद झाल्या, आता फक्त बीपीची.

तुला हे लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. माझं सुरुवातीचं क्रिएटिनिन आणि त्याचं सारखं नाही, म्हणून माझ्यावरून त्याचा अंदाज बांधू नकोस. पण हा आजार झालेला माणूस जिवंत आहे, चालतोय, नातवाला शाळेत सोडतोय, एवढं तरी तुला दिसावं असं वाटलं.

सायली_कऱ्हाड

काकू, तुमचा प्रतिसाद त्याला मोठ्याने वाचून दाखवला. 'परत वाच' म्हणाला.

मिरजकर

आमच्या मिस्टरांनाही किडनीचा इम्युनिटीचाच आजार आहे, आयजीए नेफ्रोपथी. पंधरा वर्षं झाली, क्रिएटिनिन १.४ वर टिकून आहे. पथ्यपाणी, बीपी सांभाळा. सगळं ठीक होतं हो.

पारिजात५८

मिरजकरताई, तुमच्या मिस्टरांचं ऐकून आनंद झाला. पण दोन्ही आजारांत फार अंतर आहे. आयजीएत बहुतेकदा वर्षं हातात असतात, इथे तास मोजायचे असतात. हे वाचून कुणी 'पथ्याने बघू' म्हणत थांबू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

वैद्यभूषण_वाचक

सर्वांबद्दल आदर राखून लिहितो. विषासारखी औषधं आणि रक्त बाहेर काढून धुणं यापेक्षा शरीराची ताकद वाढवायला हवी. गोक्षुर, पुनर्नवा आणि एका जाणकारांच्या भस्माने माझ्या काकांचं क्रिएटिनिन उतरलं होतं. निदान सोबत चालू करायला काय हरकत?

दुसरा_डाव

दादा, मनापासून लिहिलंत हे कळतं. पण इथे शरीराची ताकदच उलट फिरलेली असते. ती वाढवायची नसते, खाली आणायची असते.

पारिजात५८

हरकत आहे, आणि ती मोठी आहे. काही भस्मांत पारा असतो. अशी पारंपरिक औषधं घेणाऱ्यांत मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचा एक प्रकार जास्त दिसतो, असा भारतातल्या रुग्णांवरचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. म्हणजे भस्मातून किडनीचा दुसराच इम्यून आजार व्हायचा. तुमच्या काकांना कोणता आजार होता हे कळल्याशिवाय त्यांचा आकडा इथे लागू करता येत नाही. सायलीताई, नेफ्रॉलॉजिस्टना न विचारता त्याला काहीही देऊ नका, काढासुद्धा नाही.

वैद्यभूषण_वाचक

ठीक आहे. काकांना स्टोनमुळे अडथळा होता. तो निघाल्यावर क्रिएटिनिन उतरलं, हे आत्ता चुलतभावाला विचारल्यावर कळलं. माझा सल्ला मागे घेतो.

कोकणकडा

असा प्रतिसाद या संस्थळावर फ्रेम करून लावायला पाहिजे. वैद्यभूषण, तुम्हाला माझ्याकडून मिसळ!

जुनीपानं

थोडं अवांतर. या आजाराला गुडपाश्चर सिंड्रोम असंही म्हणतात. अर्नेस्ट गुडपाश्चर या अमेरिकन डॉक्टरांनी १९१९ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या महासाथीत, अठरा वर्षांच्या एका मुलाचं शवविच्छेदन नोंदवलं: फुप्फुसात रक्तस्राव आणि किडनीला सूज. पुढे १९५८ मध्ये स्टँटन आणि टँज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी असेच नऊ रुग्ण एकत्र मांडले आणि त्याला गुडपाश्चरांचं नाव दिलं. त्या मुलाला नेमका हाच आजार होता की दुसरा, यावर आजही शंका घेतली जाते. याच गुडपाश्चरांनी १९३१ मध्ये कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर विषाणू वाढवण्याची पद्धत आणली, जिच्यावर पुढे फ्लूची लस उभी राहिली.

१९६७ चा प्रयोग तर थरारक आहे. रुग्णांच्या किडनीतून काढलेल्या अँटीबॉडी माकडांना टोचल्या आणि माकडांना तोच आजार झाला. म्हणजे दोषी कोण ते सिद्ध झालं. मग ती अँटीबॉडी रक्तातून गाळूनच टाकावी, हा विचार लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये १९७६ साली प्रत्यक्षात आला. सायली, तुमच्या भावाच्या खाटेशेजारचं मशीन त्या धाग्याचं पुढचं टोक आहे.

सायली_कऱ्हाड

बारावं एक्सचेंज झालं. अँटीबॉडीचा आकडा बराच खाली आलाय. लघवी अजून तेवढीच, आठवड्याला तीन डायलिसिस.

आज धीर करून विचारलंच. डॉक्टर म्हणाले, 'किडनी परत येण्याची शक्यता कमी आहे.' किती कमी, ते म्हणाले नाहीत. पारिजातकाका, तुम्ही सांगाल का? मी खाली बसून वाचेन.

पारिजात५८

बेटा, सांगतो. याच हॅमरस्मिथच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये आपले पंचवीस वर्षांतले ७१ रुग्ण मांडले. सगळ्यांना तुमच्या भावासारखेच उपचार मिळाले होते. उपचार सुरू होताना ज्यांचं क्रिएटिनिन साधारण ५.७ च्या आत होतं, ते सगळे वर्षभराने जिवंत होते आणि शंभरातल्या ९५ जणांच्या किडन्या चालू होत्या. त्याच्या वर पण डायलिसिसची तातडी नसलेल्यांत ८२ टक्के किडन्या टिकल्या. ज्यांना आल्या आल्या डायलिसिस लागलं, त्यांच्यात ६५ टक्के लोक वर्षभराने जिवंत होते, आणि किडन्या फक्त ८ टक्क्यांच्या परतल्या. डायलिसिसही आणि शंभर टक्के चंद्रकोरीही, अशांपैकी एकाचीही किडनी परतली नाही. तुमच्या भावाच्या २२ पैकी दोन गाळण्या शाबूत आहेत, म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण फटीएवढंच उघडं आहे.

आता दुसरी बाजू. त्याच्या फुप्फुसातून रक्त जात होतं. किडनीची आशा नसती तरी एवढ्यासाठी हेच उपचार करावे लागले असते. ते थांबलं आणि तो ऑक्सिजनवरून उतरला. बारा एक्सचेंजनी काय मिळालं असं कुणी नातेवाईक विचारेल, तर सांगा, भाऊ मिळाला.

किडनीसाठी प्रत्यारोपणाचा रस्ता आहे. रक्तातून अँटीबॉडी पूर्ण गेली पाहिजे आणि नंतर निदान सहा महिने परतायला नको. हे पाळलं तर नव्या किडनीत आजार उलटणं फार विरळा.

सायली_कऱ्हाड

वाचलं. दोनदा वाचलं. खरं सांगितल्याबद्दल आभार, काका.

एकच हिशेब डोक्यातून जात नाही. ते अठरा दिवस.

दुसरा_डाव

सायली, इकडे ये. तो हिशेब मांडू नकोस. थुंकीत रक्त दिसलं की आपल्याकडे टीबी आधी आठवतो, कारण दहा लाखांतल्या एकाला हा आजार असतो आणि टीबी दर गल्लीत. डॉक्टर चुकले असतील, तू चुकली नाहीस.

हेग_वरून_मंदार

डॉक्टर, इम्लिफिडेझबद्दल काय मत? स्ट्रेप्टोकॉकस जंतूपासून मिळालेलं एन्झाइम आहे, अँटीबॉडी काही तासांत तोडून टाकतं. २०२२ मध्ये पंधरा रुग्णांचे निकाल आले, त्यातले दहा सहा महिन्यांनी डायलिसिसशिवाय होते.

पारिजात५८

वाचलंय. पंधराच रुग्ण आणि तुलनेला दुसरा गट नाही, तरीही आशादायक. मात्र ते सुरुवातीच्या दिवसांचं औषध आहे. मेलेली गाळणी ते जिवंत करत नाही. आज सायलीला त्या वाटेला पाठवू नका.

अबोली_आरएन

मी डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहे. तीन गोष्टी, कदाचित कुणी बोललं नसेल म्हणून.

भावाचं लग्न झालंय का, मूल हवंय का? सायक्लोफॉस्फमाइडने वीर्यावर परिणाम होतो. वीर्य साठवून ठेवायची सोय असते, ती औषध सुरू व्हायच्या आधी वापरायची असते. पण जीव वाचवायच्या घाईत बहुतेक ठिकाणी राहून जातं. आता निदान पुढे काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. लाजू नका.

दुसरं, ताप आला की १०० असो वा १०१, त्याच दिवशी दाखवायचं. या औषधांत जंतुसंसर्गाने माणसं जातात. संसर्ग टाळणारी कोट्रायमोक्साझोलची गोळी किंवा तिला पर्याय लिहून दिलाय का बघा.

तिसरं, ज्या हातावर फिश्चुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडणं) करायचाय, त्या हाताला आतापासून सुई नाही.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. यादीतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा.

सायली_कऱ्हाड

लग्न मेमध्ये झालं. वहिनीला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मीच बोलले तिच्याशी, आणि आता ती डॉक्टरांशी बोलणार आहे. डाव्या हाताला लाल दोरा बांधून ठेवलाय, सुई टोचायची नाही याची खूण म्हणून.

अबोली_आरएन

दोरा सैलच बांधा हं. हात आवळला नाही पाहिजे.

निशिगंध

धागा वर आणतेय. आठ महिने झाले, सायली, कसं चाललंय?

सायली_कऱ्हाड

निशिगंध, तुझ्या डब्यांची आठवण रोज निघते.

किडन्या नाही आल्या. लघवी अर्धा लिटरपर्यंत वाढली आणि तिथेच थांबली. फेब्रुवारीअखेर अँटीबॉडी निगेटिव्ह आली, त्यानंतर दर महिन्याला तपासतो, अजून निगेटिव्हच. मोठी औषधं बंद झाली. सिगरेट बंद. वर्कशॉप चुलतभाऊ बघतो, हा बिलं आणि गिऱ्हाइकं. आईचा रक्तगट जुळला, तिच्या तपासण्या चालू आहेत. ती आता 'घरात कुणाला होईल का' विचारत नाही, 'माझी कधी काढणार' विचारते.

पुढचं त्यालाच लिहायचंय.

सायली_कऱ्हाड

नमस्कार, मी भाऊ. ताईच्या आयडीवरून लिहितोय. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं खाटेवर पडून ऐकलंय. दुसरा डाव काकू, नाशिकला येऊन पाया पडायचं आहे.

प्रश्न असा, की गणपतीला गावी, चिपळूणजवळ, पाच दिवस जायचंय. मागच्या आठ महिन्यांत डायलिसिस सोडून कुठे गेलो नाही. जमेल का? आणि मोदक?

अबोली_आरएन

जमेल. चिपळूणमधल्या सेंटरला आत्ताच फोन करून मधल्या दिवसाची पाळी बुक करा, गणपतीत गर्दी असते. सोबत एचआयव्ही आणि दोन्ही काविळींचे ताजे रिपोर्ट, शेवटच्या तीन डायलिसिसचे कागद आणि ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) लिहून घ्या. फिश्चुलावर रोज सकाळी हात ठेवून थरथर लागतेय का बघायचं. त्या हाताने आरतीचं जड ताट धरू नका.

पारिजात५८

ये रे. मोदक दोन, तेही एकाच दिवशी, कारण ओल्या खोबऱ्यात पोटॅशियम असतं. नारळपाणी अजिबात नाही, केळं नाही, तीर्थ चमचाभर. आणि दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन किलोच्या वर वाढू द्यायचं नाही.

दुसरा_डाव

पाया पडायला नको, जेवायला ये. मीही कमी मिठाचंच खाते, वेगळं काही करावं लागणार नाही.

सायली_कऱ्हाड

चिपळूणला बुधवारची सकाळची पाळी मिळाली. वजनकाटा बॅगेत भरलाय.